चर्चेच्या मांडवाबाहेरचा तिसरा: साउथबरो समितीपासून साताऱ्याच्या पिपाणीपर्यंत

निवडणूक आली की लोणंदच्या बाजारतळावर, एसटी स्टँडवर, कांद्याच्या लिलावाच्या ओट्यावर एकच प्रश्न विचारला जातो. "लढत कुणात आहे?" उत्तरात दोनच नावे येतात. तिसरे नाव कुणी घेतलेच तर लगेच वाक्य तयार असते: "त्याचं काय, तो मतं खायला उभा आहे." चॅनेलवर चर्चा दोघांची, वर्तमानपत्रात मुलाखती दोघांच्या, चौकातल्या पैजाही दोघांवरच. मतपत्रिकेवर मात्र दहा-पंधरा नावे असतात. ती माणसे काय म्हणतात हे मतदाराला मतदानाच्या दिवसापर्यंत कळत नाही.

याची किंमत काय असते ते सातारा लोकसभा मतदारसंघाने २०२४ साली पाहिले. लोणंद याच मतदारसंघात, वाई विधानसभा क्षेत्रात येते. भाजपचे उदयनराजे भोसले राष्ट्रवादी (शरद पवार) पक्षाच्या शशिकांत शिंदे यांच्यापुढे ३२,७७१ मतांनी निवडून आले. त्याच निवडणुकीत पिपाणीचे चिन्ह मिळालेल्या एका अपक्षाला ३७,०६२ मते पडली. 'तुतारी वाजवणारा माणूस' आणि 'पिपाणी' यांत लोकांचा गोंधळ झाला म्हणून आम्ही हरलो, असे राष्ट्रवादीचे म्हणणे. असेल तसे. पण एक गोष्ट कुणी विचारली नाही. ज्या माणसाला ३७ हजार मते पडली तो कोण, त्याचे म्हणणे काय, हे मतदारांना एका व्यासपीठावर ऐकायला मिळाले असते तर हा गोंधळ उरला असता का? ती मते चुकून पडली की त्या माणसालाच पडली, हे आज कुणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही. तिसऱ्याला न ऐकण्याचा नियम दोन मोठ्यांच्या सोयीचा असतो. इथे तो एका मोठ्याच्याच अंगावर उलटला.

मित्रांनो, हा प्रश्न वंचितचा, बसपाचा किंवा रिपाइंच्या एखाद्या गटाचा एवढाच नाही. आंबेडकरी राजकारणाचा सगळा इतिहास म्हणजे चर्चेच्या टेबलावर खुर्ची मिळवण्याचा इतिहास आहे. तो क्रमाने पाहिला की खुर्ची नाकारण्याची युक्ती शंभर वर्षांत बदललेली नाही हे दिसते.

पहिली मागणी: आमच्या वतीने दुसऱ्याने बोलू नये

जानेवारी १९१९. मताधिकार कुणाला द्यायचा हे ठरवणारी साउथबरो समिती मुंबईत साक्षी घेत होती. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असलेल्या २७ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी २७ जानेवारीला समितीपुढे साक्ष दिली. त्यांचा मुद्दा साधा होता. एखाद्या समाजाची मते दुसऱ्या कुणी मांडली म्हणजे त्या समाजाला प्रतिनिधित्व मिळाले असे होत नाही. त्या समाजाची माणसे स्वतः तिथे बसली पाहिजेत. मताधिकार मालमत्तेवर ठरवलात तर अस्पृश्यांत मतदारच उरणार नाहीत, कारण त्यांना मालमत्ता होऊ न देणारी व्यवस्था तुम्हीच चालवता, हेही त्यांनी दाखवून दिले.

ही साक्ष आजच्या वादाला तंतोतंत लागू पडते. आधी मालमत्तेपासून दूर ठेवायचे आणि मग मालमत्ता नाही म्हणून मत नाकारायचे. आज आधी प्रसिद्धीपासून दूर ठेवतात आणि मग प्रसिद्धी नाही म्हणून चर्चेला बोलावत नाहीत. वर्षभरात, ३१ जानेवारी १९२० ला, बाबासाहेबांनी पाक्षिक सुरू केले आणि त्याचे नाव ठेवले 'मूकनायक'. बोलता येत नाही म्हणून हा समाज मुका नव्हता. त्याला बोलायची जागाच नव्हती.

१९१९ च्या सुधारणांनी मुंबई कायदेमंडळात अस्पृश्यांना जे मिळाले ते निवडून आलेले प्रतिनिधित्व नव्हते, सरकारने नेमलेला सभासद होता. बाबासाहेब १९२७ पासून कायदेमंडळात बसले तेही नियुक्त सभासद म्हणूनच. खुर्ची मिळाली, पण ती दिलेली होती.

लंडनला खुर्ची, पुण्याला करार

१२ नोव्हेंबर १९३० ला लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली. बाबासाहेब आणि मद्रासचे रेट्टमलै श्रीनिवासन हे अस्पृश्यांचे दोन प्रतिनिधी. देशाच्या भवितव्याची चर्चा चालू असताना अस्पृश्यांची माणसे स्वतःच्या नावाने टेबलावर बसली, हे पहिल्यांदा घडले.

दुसऱ्या परिषदेत, १९३१ साली, गांधीजी आले आणि अस्पृश्यांचे खरे प्रतिनिधित्व आपण करतो असा दावा त्यांनी केला. हा दावा व्यक्तिगत अहंकाराचा होता असे समजून आपण पुढे जातो. मुद्दा त्याहून मोठा आहे. मोठा पक्ष लहानाला "तू चूक आहेस" असे म्हणत नाही. तो म्हणतो, "तुझ्या वतीने मी आहे ना, मग तू कशाला?" चूक ठरवायचे तर वाद घालावा लागतो. "मी आहे ना" म्हटले की वादाची गरजच संपते.

ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने स्वतंत्र मतदारसंघ दिले. गांधीजींच्या उपोषणानंतर २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, हे सगळे सांगतात. पण पद्धत कशी ठरली ते कमी लोक सांगतात. आधी प्राथमिक निवडणूक; तिच्यात फक्त अस्पृश्य मतदार मत देणार आणि चार उमेदवार निवडणार. मग त्या चौघांतून एकाला सर्व मतदार मिळून निवडणार. म्हणजे अस्पृश्यांनी ज्याला पहिला नंबर दिला तो अंतिम निवडणुकीत पडू शकतो आणि चौथ्या नंबरचा निवडून येऊ शकतो. जागा अस्पृश्यांची, पण तिच्यावर कोण बसेल हे बहुसंख्य ठरवणार.

लोणंदच्या शेजारचा फलटण विधानसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातीसाठी राखीव आहे. तिथे उमेदवार आपल्या समाजाचा असतो. पण त्याच्या तिकिटाचा निर्णय समाजाच्या बैठकीत झाला, असे कुणी आठवून सांगावे.

१९४६: मोजमापाचा डाव

या सगळ्या इतिहासात आजच्या तरुणाने एकच प्रसंग नीट अभ्यासायचा म्हटला, तर तो १९४६ चा. चर्चेतून बाहेर काढण्याचे तंत्र तिथे उघडे दिसते.

१९४५ च्या जूनमध्ये लॉर्ड वेव्हेल यांनी सिमल्याला परिषद बोलावली. तिथे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे एन. शिवराज यांना निमंत्रण होते. काँग्रेस आणि लीग यांच्याशिवाय तिसऱ्याचेही म्हणणे आहे, हे सरकारने निदान मान्य केले होते.

मग प्रांतिक निवडणुका झाल्या. अनुसूचित जातींच्या राखीव जागा १५१. फेडरेशनच्या हाती फक्त २ आल्या. १९४६ च्या मार्चमध्ये कॅबिनेट मिशन आले. ५ एप्रिलला त्यांनी बाबासाहेबांचे म्हणणे ऐकून घेतले. मे महिन्यात पुन्हा सिमल्याला बैठक झाली, पण या वेळी टेबलाला दोनच बाजू होत्या: काँग्रेसचे चार आणि लीगचे चार. १६ मे च्या योजनेत संविधान सभेसाठी सर्वसाधारण, मुस्लिम आणि शीख असे तीनच गट धरले. अस्पृश्य 'सर्वसाधारण' गटात विरघळून गेले.

एका वर्षात खुर्ची का गेली? ब्रिटिशांचे उत्तर होते: निवडणुकीचा निकाल बघा, राखीव जागा काँग्रेसने जिंकल्या, तेव्हा अस्पृश्य काँग्रेसबरोबर आहेत. बाबासाहेबांचे उत्तर होते: तुम्ही चुकीचे माप वापरता आहात. अस्पृश्यांचे मत काय ते बघायचे तर ज्या प्राथमिक निवडणुकीत फक्त अस्पृश्यांनी मतदान केले तिचे आकडे बघा. अंतिम निवडणुकीत सवर्णांची मते मिसळतात. तिथला विजय हा सवर्णांच्या पसंतीचा विजय आहे.

मापाचा हा वाद तांत्रिक नव्हता. पुणे कराराने फेडरेशनला हरवणारी पद्धत आधी लादली आणि १९४६ साली त्याच पराभवाचा पुरावा देऊन फेडरेशनला चर्चेतून वगळले. नियम आपणच करायचा, निकाल त्या नियमातून काढायचा आणि तो निकाल म्हणजे जनतेचा कौल म्हणून सांगायचा.

बाबासाहेब गप्प बसले नाहीत. जुलै १९४६ मध्ये मुंबई कायदेमंडळाचे अधिवेशन पुण्यात होते. तिथे फेडरेशनने सत्याग्रह केला आणि कार्यकर्ते तुरुंगात गेले. ऑक्टोबरमध्ये बाबासाहेब लंडनला गेले, पंतप्रधान ॲटलींना भेटले, चर्चिलना भेटले. तिथून काही हाती आले नाही. संविधान सभेत ते पोहोचले ते मुंबईतून नव्हे, बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल आणि तिथल्या नमोशूद्र समाजाच्या बळावर. ज्या माणसाने पुढे मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषवले, त्याला सभेत येण्यासाठी मागचे दार शोधावे लागले. "तिसऱ्याला बोलावून काय उपयोग?" असे विचारणाऱ्याला हे एक उदाहरण पुरेसे आहे. तो तिसरा त्या सभेत पोहोचलाच नसता, तर काय हरवले असते?

स्वतंत्र भारतातली पट्टी

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत निवडणूक आयोगाने १४ पक्षांना राष्ट्रीय पक्ष मानले. त्यात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होते, चिन्ह हत्ती. उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात बाबासाहेब काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी पडले. बाद आणि वाया घालवलेल्या हजारो मतांबद्दल त्यांनी अशोक मेहतांबरोबर याचिकाही केली. देशभरात फेडरेशनला लोकसभेच्या २ जागा आणि सुमारे २.४ टक्के मते मिळाली. सोलापुरातून पां. ना. राजभोज निवडून आले.

निवडणुकीनंतर आयोगाने राष्ट्रीय पक्ष राहण्यासाठी ३ टक्के मतांची पट्टी लावली. १४ पैकी ४ पक्ष उरले: काँग्रेस, प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट आणि जनसंघ. फेडरेशन बाहेर. पट्टी सर्वांना सारखीच होती, हे खरे. पण देशभर विखुरलेल्या, गावकुसाबाहेर राहणाऱ्या आणि मत देताना मालकाच्या तोंडाकडे बघावे लागणाऱ्या समाजाच्या पक्षाला ती सारखी लागत नव्हती.

आजचे नियम पाहा. आकाशवाणीवर पक्षांना प्रचाराची वेळ देण्याची पद्धत १९७७ पासून आहे. १९९८ च्या योजनेत आकाशवाणी आणि दूरदर्शनवरचा वेळ मान्यताप्राप्त राष्ट्रीय व राज्य पक्षांनाच आहे; मागच्या निवडणुकीत ज्याची मते जास्त त्याला वेळही जास्त. याच योजनेत जास्तीत जास्त दोन गटचर्चा घेण्याची सोय आहे आणि त्यात पात्र पक्षांनी एकेक प्रतिनिधी पाठवायचा असतो. म्हणजे जनतेच्या पैशावर चालणाऱ्या वाहिनीवरच्या चर्चेतही अमान्य पक्षाला आणि अपक्षाला दार बंद. २००३ च्या दुरुस्तीने लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ३९-अ आले. केबल वाहिन्यांवरच्या वेळेच्या समन्यायी वाटपाचे ते कलम आहे, पण समन्याय कुणात? पुन्हा मान्यताप्राप्त पक्षांतच.

बाकीच्या पायऱ्याही मोजा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, इतरांना दहा लागतात. मान्यताप्राप्त पक्षाला ४० स्टार प्रचारक, इतर नोंदणीकृत पक्षाला २०. मतदान यंत्रावर मान्यताप्राप्त पक्षांची नावे आधी, इतरांची खाली. चिन्ह त्यांचे कायमचे. आपले मतदानाच्या दोन-तीन आठवडे आधी हातात पडते. तेवढ्या दिवसांत ते वाडीवस्तीवर पोहोचवायचे, आणि ते पिपाणीसारखे निघाले तर लोकांचे हसे सोसायचे.

राज्य पक्ष म्हणून मान्यता मिळायची तर काही टक्के मतांबरोबर जागा लागतात; जागा नसेल तर ८ टक्के मते लागतात. २०१९ च्या लोकसभेला वंचित बहुजन आघाडीने महाराष्ट्रात ३७ लाखांहून अधिक मते घेतली, म्हणजे सुमारे ७ टक्के. जागा एकही नाही. मान्यता नाही. सदतीस लाख माणसांचे मत मोजले गेले, पण चर्चेच्या हिशेबात ते शून्य. उलट 'बी टीम' ही पदवी मात्र लगेच मिळाली. जानेवारी २०२४ मध्ये महाविकास आघाडीच्या जागावाटपाच्या बैठकीत आपल्या प्रतिनिधीला बाहेर बसवून ठेवल्याचा आरोप वंचितने केला. १९३१ च्या लंडनमधले "तुझ्या वतीने मी आहे ना" हे वाक्य आठवा. संविधान वाचवण्याची चर्चा, आणि संविधानकारांच्या नातवाचा पक्ष दाराबाहेर.

अमेरिकेचा अनुभव

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत अध्यक्षीय चर्चा घेणारा आयोग १९८७ साली दोन मोठ्या पक्षांनीच मिळून उभा केला. १९९२ ला रॉस पेरो या तिसऱ्या उमेदवाराला चर्चेत घेतले आणि त्याने सुमारे १९ टक्के मते मिळवली. १९९६ ला त्यालाच बाहेर ठेवले. मते निम्म्याहून खाली आली. २००० पासून जनमत चाचणीत १५ टक्के असल्याशिवाय प्रवेश नाही असा नियम झाला. त्या वर्षी राल्फ नेडर यांना बोस्टनच्या चर्चेला प्रेक्षक म्हणून तिकीट घेऊनही आत जाऊ दिले नाही. २०१२ ला ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना चर्चेच्या जागेबाहेर अटक झाली.

आपल्याला जवळची गोष्ट १९७२ ची आहे. अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी डेमोक्रॅटिक पक्षात शर्ली चिझम ही कृष्णवर्णीय स्त्री उभी होती. वाहिन्यांनी दोन गोऱ्या पुरुषांना समोरासमोर बसवले आणि तिला वगळले. ती कोर्टात गेली आणि वाहिन्यांवर आपली वेळ मिळवली. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहत होती. वगळणूक दोन्हीकडे सारखीच होती. तिने कायद्याने वेळ घेतली, पँथरने रस्त्यावर घेतली.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप: "सगळ्यांना बोलावले तर गोंधळ होईल." सोळा उमेदवार असले आणि प्रत्येकाला पाच मिनिटे दिली, तर ऐंशी मिनिटे होतात. एका कीर्तनाला यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि लोणंदचा माणूस ते बसून ऐकतो. पालखीच्या मुक्कामाला लाखो माणसांची व्यवस्था करणाऱ्या गावाला सोळा खुर्च्या मांडता येत नाहीत, असे कुणी सांगू नये. राज्य पातळीवर निकष लागेल हे मान्य. पण तो मागच्या निवडणुकीतल्या मतांचा नको. किती जागा लढवता, जाहीरनामा आहे का, नोंदणी आहे का, असे आजचे निकष लावा. कालच्या वगळणुकीतून आलेला आकडा आजच्या वगळणुकीचा आधार होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप: "तिसरा बोलला की मते फुटतात आणि धर्मांध शक्तींचा फायदा होतो." या भीतीला हसून चालणार नाही. आपल्याच वस्तीत, आपल्याच घरात ती आहे. पण मत द्यायचे कुणाला, हा मतदाराचा निर्णय. ऐकायचे कुणाला, हा वेगळा प्रश्न. ऐकून घेऊनही मतदार मोठ्या पक्षाला मत देऊ शकतो. २०२४ ला आपल्यातल्या अनेकांनी संविधानाच्या काळजीने तसेच केले. ज्या मोठ्या पक्षाला आपल्या बाजूची खात्री आहे त्याने तिसऱ्याशी समोरासमोर वाद घालून ती मते मिळवावीत. तिसऱ्याचे तोंड बंद करून मिळवलेली एकजूट पहिल्याच ताणाला तुटते.

आपण काय करायचे?

आधी आपल्या अंगणात बघू. १९५७ ला उभ्या राहिलेल्या रिपब्लिकन पक्षाचे किती गट झाले ते मोजायला दोन्ही हातांची बोटे पुरत नाहीत. १४ एप्रिलच्या व्याख्यानमालेत दुसऱ्या गटाच्या माणसाला आपण बोलावतो का? बायकांना माइक मिळतो की फक्त दीपप्रज्वलन मिळते? मातंग, होलार, भटक्या समाजाच्या कार्यकर्त्याला आपल्या बैठकीत 'तिसरा' वाटायला लावत नाही ना? ज्याच्याविरुद्ध आपण बोलतो तेच आपल्या मांडवात चालत असेल, तर बाहेर आपले कोण ऐकेल?

मग बाहेर. लोणंद नगरपंचायतीपासून विधानसभेपर्यंत प्रत्येक निवडणुकीत, रीतसर परवानगी काढून, 'सर्व उमेदवार एका व्यासपीठावर' अशी सभा तरुणांनी घ्यावी. निमंत्रण लेखी द्यायचे, पोच घ्यायची. क्रम चिठ्ठी टाकून ठरवायचा. पाचच प्रश्न, सर्वांना तेच: कांद्याचा भाव, एमआयडीसीतला रोजगार, दलित वस्ती सुधार निधीचा हिशेब, शिष्यवृत्ती, स्मशानभूमी आणि पाणी. जो येणार नाही त्याची खुर्ची नावाच्या पाटीसह रिकामी ठेवायची. निवडणूक आयोगाकडे दूरदर्शनच्या गटचर्चेची पात्रता बदलण्याची लेखी मागणी जिल्ह्याजिल्ह्यांतून गेली पाहिजे. एक अर्ज फायलीत पडतो. पाचशे अर्जांना उत्तर द्यावे लागते.

पुणे-मिरज लोहमार्गावर लोणंदच्या पुढे मसूर स्टेशन लागते. १९०१ च्या सुमारास लहान भीमराव भावंडांबरोबर तिथे उतरले होते. वडिलांकडे गोरेगावला जायला बैलगाडी हवी होती. जात कळल्यावर एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, आणि गाडी मुलांनी स्वतः हाकायची, गाडीवान सोबत पायी चालणार, असा तोडगा निघाला. भाडे पूर्ण घेऊन जागा नाकारायची, ही तेव्हाची रीत. मत पूर्ण घेऊन चर्चा नाकारायची, ही आजची. त्या मुलांनी कासरा हातात घेतला आणि मुक्काम गाठला. कुणी मांडवात बोलावण्याची वाट न पाहता आपणही आपला मांडव घालू, आणि त्यात विरोधकालाही खुर्ची ठेवू.

जय भीम. जय संविधान.